कोण कोणासाठी थांबलंय? प्रोसेसर बदलायचा की ग्राफिक्स कार्ड, हे मोजून ठरवा

गेम अडखळायला लागला की बहुतेकांचं बोट आधी ग्राफिक्स कार्डाकडे जातं. माझंही गेलं होतं. शहर वसवायचा एक गेम मी बरेच महिने खेळत होतो. वस्ती लाखावर गेली की स्क्रीन रांगायला लागायची. पैसे साठवून नवं कार्ड आणलं, बसवलं, तोच सेव्ह उघडला. आधी २६ एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स, म्हणजे चित्रं) मिळत होते, आता २७. कार्डात काही खोट नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होता. अडलं होतं प्रोसेसरपाशी आणि मी पैसे ओतले कार्डावर.

ही चूक टाळायला एक संध्याकाळ पुरते. त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. एक फुकटचं सॉफ्टवेअर, तुम्ही खरोखर खेळता तो गेम आणि आकडे टिपायला एक वही, एवढं बस्स. आणि हो, बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतो. या लेखात डब्याला कॅबिनेट म्हटलंय आणि सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर.

एका फ्रेमचा हिशेब

गेममधली प्रत्येक फ्रेम दोन हातांखालून जाते. एकजण पेन्सिलीने रेषा काढतो आणि दुसरा त्यात रंग भरतो असं समजा. रेषा काढणारा म्हणजे प्रोसेसर. कोणतं पात्र कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, गर्दीतला माणूस कुठे वळणार, तुम्ही माउस किती हलवला, हे सगळं ठरवून तो काय काय काढायचं याची यादी ग्राफिक्स कार्डाकडे सरकवतो. कार्ड त्या यादीबरहुकूम एकेक पिक्सेल रंगवतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या रेषा काढायला घेतो. दोघं असे मागेपुढे चालतात, त्यामुळे एकूण वेग ठरतो तो त्यांच्यातल्या मंद गड्यावर.

आता कागद मोठा करा, म्हणजे रेझोल्यूशन वाढवा. १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे जवळपास ३६.९ लाख. ४के म्हणजे ८२.९ लाख, १०८०पीच्या बरोबर चौपट. कागद चौपट झाला तरी चित्रातली माणसं, झाडं, गाड्या तेवढ्याच. रेषा काढणाऱ्याचं काम जवळपास होतं तेवढंच राहतं, रंगवणाऱ्याचं मात्र कंबरडं मोडतं. पुढची मुख्य चाचणी याच एका गोष्टीवर उभी आहे.

वेळेचं गणितही डोक्यात असू द्या. ६० एफपीएस हवे असतील तर दोघांनाही प्रत्येक फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवे असतील तर जेमतेम ६.९. म्हणजे ६० ला आरामात पुरणारा प्रोसेसर १४४ ला धापा टाकू शकतो. म्हणूनच ‘हा प्रोसेसर या कार्डाला पुरेल का’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नसतं. दोन्हींची नावं टाकली की ‘इतके टक्के बॉटलनेक’, म्हणजे अडथळा, असं ठणकावून सांगणारी कॅल्क्युलेटरं इंटरनेटवर ढिगानं आहेत. तुम्हाला किती एफपीएस हवेत आणि कोणत्या गेमच्या कोणत्या जागी हवेत, हे न बघता काढलेला आकडा मी तरी राशिभविष्याच्या रांगेत ठेवतो.

पायरी १: नेमकं खुपतंय काय, ते लिहा

‘गेम नीट चालत नाही’ या वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. फ्रेम्स सगळीकडे सारख्याच कमी आहेत आणि सेटिंग लो केली की बरं वाटतं, ही एक. सरासरी झकास पण दर थोड्या वेळाने झटका बसतो, ही दुसरी. मोकळ्या रानात गेम पळतो आणि शहरात शिरलं की लोळतो, ही तिसरी. पाळीपाळीने खेळायच्या रणनीतीच्या गेममध्ये संगणकाची पाळी संपता संपत नाही, ही चौथी. या चौथीचं उत्तर मोजायच्या आधीच सांगता येतं: ते काम पूर्णपणे प्रोसेसरचं आहे आणि कोणतंही कार्ड ती पाळी सेकंदानेही कमी करणार नाही.

तक्रारीखाली लक्ष्य लिहा. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा, असेल तर ६० च्या वरच्या बहुतेक फ्रेम्स डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत, मग १२० चा हट्ट कशाला? काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटसारख्या स्पर्धेच्या गेममध्ये प्रतिसाद किंचित लवकर मिळतो एवढाच काय तो फायदा. याउलट मॉनिटर १४४ किंवा २४० हर्ट्झचा आहे आणि खेळता नेमबाजीचेच गेम, तर तुमचं पारडं आधीच प्रोसेसरकडे थोडं झुकलेलं आहे.

पायरी २: फुकटात सुटणारे घोळ आधी सोडवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण नवीन भाग घ्यायचा बेत इथेच रद्द झालेले मी पाहिले आहेत.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात आहे ना, बघा. मदरबोर्डाच्या पोर्टात ती सहज जाते, चित्रही दिसतं, आणि चांगलं कार्ड बाजूला राहून गेम प्रोसेसरमधल्या कामचलाऊ ग्राफिक्सवर चालत राहतो. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर वर्षानुवर्षं चालवणारी माणसं असतात.

त्यानंतर रॅम. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी उघडा. रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरलेत हे तिथे दिसतं. एकच स्टिक असेल तर प्रोसेसरला माहिती पुरवणारा रस्ता निम्माच उघडा आहे. सारख्या क्षमतेच्या दोन स्टिक लावल्या की तो पूर्ण उघडतो. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर त्यांची जागा प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असते. वेगाचंही तसंच. ३२०० ची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या ठरलेल्या वेगाने चालवणारी सोय, चालू करेपर्यंत बहुतेकदा २१३३ ते २६६६ च्या दरम्यान चालत असते. डीडीआर५ मध्ये एएमडीच्या बोर्डांवर याच गोष्टीला एक्स्पो म्हणतात. प्रोसेसरपाशी अडणाऱ्या गेममध्ये एवढ्यानेच जाणवण्याइतका फरक पडतो. एकूण रॅम ८ जीबी असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी ती १६ करा.

शेवटी तापमान. गेम अर्धा तास चालू ठेवा. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास जाऊन टेकत असेल तर तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतोय. कूलरमधली धूळ काढणं आणि थर्मल पेस्ट नव्याने लावणं हा अशा वेळी सगळ्यांत स्वस्त अपग्रेड असतो. लॅपटॉप असेल तर ही पायरी हाच जवळपास अख्खा लेख समजा, कारण बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही बोर्डावर कायमचे जोडलेले असतात. चार्जर लावलेला असणं, पॉवर मोड योग्य असणं, पंख्यांचा मार्ग मोकळा असणं आणि रॅमची दुसरी स्टिक, एवढंच तिथे हातात असतं.

पायरी ३: मीटर लावा

एमएसआय आफ्टरबर्नर उतरवून घ्या. कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी ते चालतं, आणि त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं, जे खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं. त्यात इतक्या गोष्टी चालू करा: एफपीएस, फ्रेमटाइमचा (एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख, कार्डाचा वापर टक्क्यांत, कार्डाचा क्लॉक (ते किती वेगाने चालतंय ते), कार्डाची वापरात असलेली मेमरी आणि प्रोसेसरचा वापर, तोही प्रत्येक कोरचा (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाचा) वेगवेगळा.

आता सगळे लगाम सोडा. व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद, गेममधली एफपीएसची मर्यादा बंद, ड्रायव्हरमधली मर्यादा बंद. हे विसरलात तर पुढचं सगळं मोजमाप फसतं. कार्ड ६५ टक्क्यांवर निवांत दिसेल, तुम्ही प्रोसेसरला दोष द्याल, आणि खरं कारण असेल ६० वर लावलेलं कुलूप. आकडा ६०, १२०, १३८ किंवा १४४ वर खिळ्यासारखा ठोकून बसला असेल तर कुठेतरी मर्यादा चालू राहिली आहे असं खुशाल समजा.

मोजायची जागाही नीट निवडा. गेमसोबत येणारा बेंचमार्क, म्हणजे तयार चाचणी, सोयीचा असतो, पण बऱ्याचदा खऱ्या खेळापेक्षा हलका असतो. जिथे त्रास होतो तिथलाच सेव्ह घ्या आणि दरवेळी त्याच वाटेने मिनिटभर चाला. बाल्डर्स गेट ३ चं उदाहरण बोलकं आहे. पहिल्या अंकातल्या जंगलात मोजलं तर सगळं आलबेल दिसतं. तिसऱ्या अंकात गजबजलेल्या शहरात शिरलं की प्रोसेसरची परीक्षा सुरू होते. जंगलातल्या आकड्यावर शहराचा निर्णय घेऊन चालणार नाही.

पायरी ४: आकडे वाचा, पण प्रोसेसरच्या टक्क्यांवर जाऊ नका

आधी कार्डाचा वापर बघा. तो सतत ९५ ते ९९ टक्के असेल आणि क्लॉकही वरच्या पातळीवर असेल, तर अडलंय कार्डापाशी. प्रोसेसर रेषा काढून बसलाय, रंगवणारा मागे पडलाय. यात बिघडलेलं काही नाही. महागातला भाग पूर्ण वापरला जातोय, इतकाच त्याचा अर्थ.

कार्ड ५०, ६०, ७५ टक्क्यांवर रेंगाळतंय, मर्यादा कुठलीही नाही आणि तरी फ्रेम्स कमी, तर कार्ड यादीची वाट बघत बसलंय. अडलंय प्रोसेसरपाशी, किंवा त्याला माहिती पुरवणाऱ्या रॅमपाशी.

इथे हमखास एक प्रश्न येतो: ‘पण प्रोसेसर तर ४० टक्केच वापरला जातोय, मग तो कसा अडेल?’ ही या विषयातली सगळ्यांत मोठी गफलत आहे. टास्क मॅनेजरमधला तो आकडा सगळ्या कोरांची सरासरी असतो. ८ कोर आणि १६ थ्रेडच्या (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांच्या) प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण पिळून निघाला तरी सरासरीत त्याचे फक्त ६.२५ टक्के दिसतात. आणि बऱ्याच गेममध्ये एक मुख्य थ्रेड असा असतो की बाकी सगळ्यांना त्याच्यासाठी थांबावं लागतं. भरीस भर म्हणजे विंडोज तो थ्रेड या कोरवरून त्या कोरवर हलवत राहतं, त्यामुळे कोरनिहाय आलेखातही कुणी १०० टक्क्यांवर दिसेलच असं नाही. म्हणून प्रोसेसरचे टक्के हा पुरावा धरू नका. कार्ड रिकामं आहे का, हा पुरावा धरा.

पायरी ५: कागद लहान करून बघा

आता मुख्य चाचणी. तीच जागा, तीच सेटिंग, फक्त रेझोल्यूशन खाली आणा: १४४०पी वरून ७२०पी, १०८०पी वरून गेम देईल ते सर्वांत कमी. लांबी-रुंदीचं प्रमाण बदलू देऊ नका. गेममध्ये डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी पिक्सेलांवर रंगवून चित्र मोठं करणारी तंत्रं) असेल तर ते ‘परफॉर्मन्स’वर टाकूनही काम भागतं, कारण त्या पातळीवर गेम आतून दोन्ही बाजूंनी निम्म्या, म्हणजे एकूण पाव पिक्सेलांवरच रंगवला जातो. चित्र पिठूळ होईल. तिकडे दुर्लक्ष करा आणि एफपीएस लिहा.

उदाहरणादाखल तीन संगणक घेऊ. तिन्हींना नेहमीच्या १४४०पी वर साधारण सारखेच, ५५ ते ६० एफपीएस मिळतायत.

पहिल्याचं रेझोल्यूशन उतरवल्यावर फ्रेम्स ५५ वरून १२० वर गेल्या. प्रोसेसर १२० फ्रेम्सच्या रेषा काढू शकतोय, कार्ड ५५ च रंगवू शकत होतं. कार्ड बदला, फरक डोळ्यांना दिसेल.

दुसऱ्याच्या ५८ वरून ६० झाल्या. कागद इतका लहान करूनही काही हललं नाही, कारण रंगवणारा मुळात रिकामाच बसला होता. इथे कार्ड घेतलं तर माझ्यासारखी गत होईल, २६ चे २७.

तिसऱ्याच्या ६० वरून ८४ झाल्या, आणि खरी मजा इथेच आहे. नेहमीच्या रेझोल्यूशनवर अडत होतं कार्डापाशी, वापर ९७ टक्के. पण ८४ हा या प्रोसेसरचा या गेममधला, या जागचा छताचा आकडा आहे. जगातलं सगळ्यांत वेगवान कार्ड आणून बसवलंत तरी इथे ८४ च्या फारसं वर जाता येणार नाही. मालकाला ६० ते ८० हवे असतील तर मध्यम कार्ड घेऊन तो सुखी होईल. त्याला १४४ हवे असतील तर दोन्ही बदलावे लागतील, आणि तेवढा खर्च झेपणार नसेल तर हा आकडा आधी कळलेला बरा. वहीत या ८४ भोवती गोल करा. पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे.

कार्डाचं छतही काढता येतं. इंटेलचं प्रेझेंटमॉन हे फुकटचं साधन कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं आणि त्यात ‘जीपीयू बिझी’ नावाचा आकडा असतो: एका फ्रेमपैकी किती वेळ कार्ड खरंच राबत होतं. पूर्ण फ्रेमला १४ मिलिसेकंद लागतायत, म्हणजे ७१ एफपीएस, आणि त्यातले ९ च मिलिसेकंद कार्ड कामात आहे असं दिसलं, तर एकटं कार्ड १११ पर्यंत जाऊ शकलं असतं. उरलेले ५ मिलिसेकंद ते प्रोसेसरसाठी ताटकळलं.

पडताळा हवा असेल तर सेटिंग एकेक करून हलवा. गर्दीची घनता, किती लांबपर्यंतच्या वस्तू दाखवायच्या, भौतिकीचे परिणाम, हे कमी केल्यावर फ्रेम्स वाढल्या तर ओझं प्रोसेसरवर होतं. धुकं, प्रतिबिंबं, सावल्यांचा दर्जा, अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) कमी केल्यावर वाढल्या तर कार्डावर. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावली रंगवणं, मात्र फसवं आहे. ते कार्डाचं काम म्हणून ओळखलं जातं, पण किरणांना आपटायला देखाव्याची जी रचना सतत ताजी ठेवावी लागते, तिच्यापायी प्रोसेसरवरही बऱ्यापैकी भार येतो. रे ट्रेसिंग चालू-बंद करून दोन्ही छतं पुन्हा मोजा.

‘४के वर प्रोसेसर कोणताही चालतो’ हा सल्लाही आता जुना झाला. ४के वर डीएलएसएस ‘परफॉर्मन्स’ लावलं की गेम आतून १०८०पी वरच चालतो, आणि मग प्रोसेसरचं छत १०८०पी खेळणाऱ्यासारखंच समोर येतं.

झटक्यांचं प्रकरण वेगळं

सरासरी ९० आणि तरी गेम टोचतो, अशी तक्रार असेल तर सरासरी बघूच नका. फ्रेमटाइमचा आलेख बघा आणि ‘१ टक्का लो’ हा आकडा बघा. तो सर्वांत मंद फ्रेम्सवरून काढतात. आलेख सपाट असायला हवा. त्यातले सुळके म्हणजे झटके.

सुळके येतात तेव्हा कार्डाची मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर आधी टेक्श्चरचा (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांचा) दर्जा एक पायरी खाली आणा. झटके गेले तर तो व्हीरॅमचा, म्हणजे कार्डाच्या मेमरीचा, तुटवडा होता. कार्डाची स्वतःची मेमरी संपली की उरलेला माल संगणकाच्या रॅममध्ये ठेवला जातो आणि पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड ज्या स्लॉटात बसतं त्याच्या, वाटेने ये-जा करतो. फरक किती? एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०७० कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी पुरवते, पीसीआयई ४.० च्या पूर्ण १६ लेनमधून एका दिशेने येतात सुमारे ३२. हा तुटवडा प्रोसेसर बदलून भरून निघत नाही. कार्ड घ्यावं लागतं, तेही जास्त मेमरीचं. आणि इथे नावातल्या आकड्यांना भुलू नका: आरटीएक्स ३०६० ची मूळ आवृत्ती १२ जीबीची होती आणि तिच्यानंतर आलेलं आरटीएक्स ४०६० ८ जीबीचं आहे.

मेमरी मोकळी आहे, कार्डाचा वापर सुळक्याच्या क्षणी धाडकन खाली येतो, आणि हे गर्दीत किंवा वेगाने फिरताना होतं, तर संशय प्रोसेसरवर. पण एखाद्या गेममध्ये प्रत्येक नवा स्फोट, नवी जादू पहिल्यांदा दिसताना झटका बसतो आणि दुसऱ्यांदा बसत नाही, तर ते शेडर (रंग-उजेड कसा दाखवायचा याचे छोटे प्रोग्राम) ऐनवेळी तयार होतायत. तो गेमच्या बांधणीतला दोष आहे. प्रोसेसर बदलून तो थोडा बोथट होतो, जात नाही. अशा एका गेमपायी अपग्रेड करायला निघालेल्या माणसाला मी नेहमी दुसरा गेमही मोजायला लावतो.

निर्णय घेताना

आता वहीत तीन आकडे आहेत: सध्याचे एफपीएस, प्रोसेसरचं छत आणि तुमचं लक्ष्य. प्रोसेसरचं छत लक्ष्याच्या वर असेल तर कार्ड घ्या. छत लक्ष्याच्या खाली असेल तर कार्डाला हात लावू नका, निदान आधी तरी. दोन-तीन गेम मोजले आणि उत्तरं वेगवेगळी आली तर ज्यात तुमचे जास्त तास जातात त्याला मत द्या. विकत घेऊन न उघडलेल्या गेमला मत नसतं.

दोन्ही भाग थकलेले असतील तर माझं मत आधी कार्डाच्या बाजूने आहे, कारण कार्ड उचलून पुढच्या नव्या कॅबिनेटमध्ये बसवता येतं. जुन्या सॉकेटचा (मदरबोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेचा) प्रोसेसर त्या सॉकेटबरोबरच निवृत्त होतो. अपवाद दोन. एक, ज्यांचा मुख्य गेमच प्रोसेसरखाऊ आहे: शहरं, कारखाने, विमानं, रणनीती. दुसरा, ज्यांचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. ती यादी ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून सुरू होते, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तिथे प्रोसेसर तसाही बदलायचाच आहे.

फ्रेम जनरेशनबद्दल दोन शब्द. एनव्हिडियाने ते २०२२ मध्ये आरटीएक्स ४० मालिकेसोबत आणलं, एएमडीचं एफएसआर ३ त्यानंतर २०२३ मध्ये आलं. दोन खऱ्या फ्रेम्सच्या मधली फ्रेम कार्ड स्वतःच रचतं, प्रोसेसरला विचारत नाही. त्यामुळे प्रोसेसरपाशी अडलेल्या गेममध्येही आकडा वाढतो आणि चित्र गुळगुळीत दिसतं. पण माउसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेम्सच्याच वेगाने येतो, किंबहुना किंचित उशिरा. ६० च्या आसपास खऱ्या फ्रेम्स असतील तर ते छान लागतं. ३० चे ६० करायला ते वापरलं तर गेम पाण्याखालून खेळल्यासारखा वाटतो.

परीक्षणं वाचतानाही हेच ध्यानात ठेवा. कार्डाचं परीक्षण तुमच्या रेझोल्यूशनवरचं वाचा. प्रोसेसरचं मात्र १०८०पी वरचं, तगड्या कार्डासोबत केलेलं वाचा. ‘एवढं महाग कार्ड घेऊन १०८०पी वर कोण खेळतं’ असं लोक चिडून विचारतात. पण परीक्षकही कागद लहान करूनच प्रोसेसरचं छत शोधत असतो. कोरांच्या संख्येला फार भाव देऊ नका. रायझन ७ ५८००एक्स आणि २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी, दोघांनाही आठच कोर. दुसऱ्याचा क्लॉक उलट थोडा कमी आहे. पण त्याला ३२ ऐवजी ९६ एमबीची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) दिली आहे आणि बहुतेक गेममध्ये तो पहिल्याला मागे टाकतो.

बसेल का, पेलेल का

प्रोसेसर निवडताना आधी मदरबोर्डाचं नाव शोधा. एएमडीचं एएम४ सॉकेट असेल तर नशीबवान आहात. २०१७ च्या पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या बऱ्याच बोर्डांवर, बायॉस अद्ययावत केल्यावर, ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो. ते अद्ययावत करणं जुना प्रोसेसर लावलेला असतानाच उरका, नाहीतर नवा बसवल्यावर स्क्रीन काळी राहील. एएम५ ला एएमडीने निदान २०२७ पर्यंत पाठिंबा सांगितला आहे. इंटेलच्या एलजीए १७०० वर बारावी ते चौदावी पिढी चालते. त्याआधीच्या बोर्डांवर वर चढायला फारशी जागा उरलेली नाही, म्हणजे प्रोसेसरच्या हिशेबात मदरबोर्ड धरायचा आणि बहुधा रॅमही. हा तिहेरी खर्च कार्डाच्या खर्चाशेजारी लिहून मग तुलना करा.

कार्ड निवडताना एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग, बघा. आरटीएक्स ४०६० ची भूक ११५ वॅटची, ४०७० ची २००, ४०९० ची ४५०. एसएमपीएसवरचा एकूण आकडा आणि त्यातून कार्डासाठी निघणारे कनेक्टर दोन्ही तपासा. कनेक्टर कमी पडतोय म्हणून कुठूनतरी जोडकेबल लावणं ही आग लावायची तयारी आहे. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, हे मोजपट्टीने बघा.

बोर्ड जुना, पीसीआयई ३.० चा असेल तर कार्डाला किती लेन आहेत ते विचारा. आरटीएक्स ४०६० ला आठ आहेत, आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त चार. अशी कार्डं जुन्या बोर्डावर अर्ध्या वेगाच्या वाटेने चालतात, आणि मेमरी कमी पडली की ते लगेच जाणवतं; ४ जीबीच्या ६५०० एक्सटीला तर फारच. इंटेलची आर्क कार्डं घेणार असाल तर बोर्डात रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आहे ना, हे आधी बघा. त्याच्याविना ती लंगडतात. शिवाय त्यांचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त ओझं टाकतो, त्यामुळे जुन्या प्रोसेसरसोबतची परीक्षणं मुद्दाम शोधून वाचा.

बसवल्यावर

कार्डाची कंपनी बदलली असेल तर जुने ड्रायव्हर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने साफ करून मग नवे टाका. प्रोसेसर बदलला असेल तर एक्सएमपी किंवा एक्स्पो पुन्हा चालू आहे ना, बघा. बायॉस बदलताना ते हमखास बंद पडतं. मग तोच सेव्ह, तीच वाट, तेच मिनिट. नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा, आणि हे परत करायची मुदत संपायच्या आत करा. नवं कार्ड लावल्यावर ते ८० टक्क्यांवर थांबलेलं दिसलं तर लगेच घाबरू नका. आता पाळी प्रोसेसरची आली आहे, आणि फ्रेम्स वहीत गोल केलेल्या आकड्याच्या जवळ पोचल्या असतील तर सगळं ठरल्याप्रमाणे झालंय.

मोजून झालं की कोपऱ्यातले आकडे बंद करा. मी ते आठवडाभर चालू ठेवले आणि रस्त्याऐवजी फ्रेमटाइमच्या आलेखाकडे बघत तीन शर्यती हरलो.